एकोणसत्तर अंशातली माळ

"अण्णा, मान हलवू नका. सगळा हिशेब तुमच्या मानेवर बसवलाय."

"अगं, डास चावतोय."

"चावू दे. नवरदेवालाही चावेल. तो काय टाळी वाजवणार आहे मांडवात?"

अण्णा आमच्या अंगणात, माझ्या लिहायच्या टेबलावर पाट, त्या पाटावर स्वतः, असे उभे होते. डोक्यावर माझ्या मावसभावाच्या लग्नातला फेटा, तुऱ्यासकट. मी त्यांच्यापासून बरोबर दीड मीटरवर, दोन्ही हातांत सायकलचं जुनं टायर धरून उभी. टायरला आईच्या फाटक्या साडीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, कारण नुसतं टायर फेकलं की अण्णांच्या कानाला लागायचं. भिंतीवर मी खडूनं एक तिरकी रेघ मारली होती. एकोणसत्तर अंश. त्या रेघेकडे बघायचं, दम धरायचा आणि फेकायचं.

फेकलं. टायर अण्णांच्या तुऱ्यावरून अलगद खाली आलं आणि गळ्यात बसलं.

"बसलं!" अण्णा ओरडले. "आजची सव्विसावी. चाळीसात सव्वीस."

"चाळीसात चाळीस पाहिजेत अण्णा. तिथं मला एकच मिळणार आहे."

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "लोकांच्या मुली लग्नाआधी हळद लावून बसतात. आमची बापाला टायर घालतेय. शेजारचे बघतायत गं."

शेजारचे बघत होतेच. पहिल्या दिवशी टायर त्यांच्या टीव्हीच्या अँटेनावर अडकलं होतं, तेव्हापासून ते रोज संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायचे.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा कोरेगावच्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावीला फिजिक्स शिकवायचे. चार वर्षं झाली होती, गेल्याच वर्षी कायम झाले होते. उंची चार फूट दहा इंच. मी स्टूलवर उभी राहून फळ्याच्या वरच्या भागात लिहायचे आणि पोरं हसली तर खडू फेकायचे. तो खडू कधी चुकला नाही, हे माझे विद्यार्थी आजही सांगतील. ती नोकरी माझा जीव होता. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. वर्गात शिरलं की मला भूक लागायची नाही, एवढंच सांगते.

आणि ती नोकरी आता एका माळेवर लटकली होती.

झालं होतं असं की आटपाडीच्या पलीकडच्या एका गावातल्या रणवऱ्यांचं स्थळ आलं. मुलगा धैर्यशील, जनावरांचा सरकारी डॉक्टर, उंची पाच फूट अकरा. पसंती झाली आणि बोलणी करायला त्याचे वडील आले. निवृत्त सुभेदार. मिशा अशा की चहा प्यायच्या आधी त्या दोन बोटांनी वर कराव्या लागत.

"काय शिकवता सूनबाई?" त्यांनी विचारलं.

"फिजिक्स."

"त्यातलं काय?"

"सध्या प्रोजेक्टाइल चाललंय. म्हणजे हवेत फेकलेली वस्तू कशी जाते, किती उंच चढते, कुठं जाऊन पडते, त्याची गणितं."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय केलं? तोफखान्यात होतो मी!"

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. आमच्या बैठकीत चिवड्याच्या बशा इकडून तिकडे सरकवून त्यांनी तोफ कुठं, टेकडी कुठं ते दाखवलं. मीही वही आणली. आम्ही दोघं इतके रंगलो की देण्याघेण्याच्या याद्या तशाच राहिल्या. अण्णा एसटीत कंट्रोलर होते, त्यांना वेळेवर गाडी सुटण्याची सवय. ते दर पाच मिनिटांनी खाकरत होते.

शेवटी सुभेदारच म्हणाले, "बरं, लग्नानंतर नोकरीचं काय?"

"करणार," मी म्हणाले.

"आटपाडीहून रोज कोरेगाव?"

"नाही. आठवडाभर इथं राहीन, शनिवार-रविवार तिकडं."

मी धैर्यशीलकडे बघितलं. म्हटलं, हा तरी काही बोलेल. तो बशीतला एक शेंगदाणा उचलून असा तपासत होता जणू त्याला ताप आलाय. दिवसभर मुक्या जनावरांत राहून माणूस मुका होतो की काय, असं माझ्या मनात आलं आणि मला त्याचा संतापच आला.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या भावकीत एक चाल आहे. अंतरपाट सुटला की नवरीनं माळ घालायच्या आत पोरं नवरदेवाला वर उचलतात. आजवर एकाही सुनेला पहिल्या फेकीत माळ घालता आलेली नाही. तुमच्या सासूबाईंनी माझ्या वेळी सहा वेळा फेकली. तर सूनबाई, पहिल्या फेकीत माळ गळ्यात पडली, तर नोकरी करा, माझ्या घरात कुणी ब्र काढणार नाही. चुकली, तर दिवाळीच्या आत राजीनामा. मंजूर?"

कुणीही शहाणी मुलगी हसून विषय बदलेल. पण मला नाकावर राग. मी म्हणाले, "मंजूर."

आईनं मला असा चिमटा काढला की त्याचा वळ चार दिवस होता.

बरं, ही थट्टा म्हणावी तर तीही सोय नव्हती. सुभेदारांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी जाताना अण्णांच्या डायरीत ती अट स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली सही केली, तारखेसह.

त्या दिवसापासून मी गणिताला लागले. मुलांना शिकवते तसंच, पायरीपायरीनं. आधी दिलेल्या गोष्टी लिहायच्या. नवरदेवाची उंची, वर फेटा, वर तुरा, आणि पोरं उचलणार साधारण एक मीटर. माझे हात डोक्यावर नेले की जमिनीपासून किती, ते आईनं टेपनं मोजलं. मग गती दोन भागांत तोडायची, उभी वेगळी, आडवी वेगळी. उभ्या गतीचं काम माळ तुऱ्याच्या वर चढवायची, आडव्या गतीचं काम तेवढ्यात दीड मीटर पुढं न्यायची. दोघी एकमेकींच्या कामात नाक खुपसत नाहीत, हे मी वर्गात घसा फोडून सांगते. उत्तर आलं, साडेपाच मीटर प्रति सेकंद, एकोणसत्तर अंश, पाऊण सेकंदात खेळ खलास.

मी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या घालून सराव केला. डोळ्यांसमोर मुंडावळ्या येणार म्हणून कपाळाला लोकरीचे दोरे बांधून सराव केला. नऊवारी नेसून केला. साताऱ्याच्या फुलवाल्याकडे जाऊन सांगितलं की माळ गोल हवी, आतून दोन फूट रुंद हवी आणि वजन अमुकच हवं.

तो म्हणाला, "बाई, माळ नवऱ्याला घालायचीय की बैलाला?"

"तुम्ही करा हो."

सराव चालू असताना एकदा धैर्यशील स्वतः पत्रिका द्यायला आला. फाटक उघडून बघतो तर होणारे सासरे टेबलावर, गळ्यात टायर, डोक्यावर फेटा. मी नऊवारी खोचून समोर. कपाळावरून लोकर लोंबतेय. शेजारच्यांनी त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली.

"या, या," अण्णा वरूनच म्हणाले.

तो दोन मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, "चालू द्या." पत्रिका तुळशीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि निघून गेला. बास. एवढंच. बायकोची नोकरी टांगणीला लागलीय आणि गृहस्थ म्हणतो, चालू द्या! मी त्या रागात टायर लागोपाठ बारा वेळा अण्णांच्या गळ्यात घातलं.

लग्न मे महिन्यात, आटपाडीच्या एका मंगल कार्यालयात. ऊन असं की मांडवात पाय ठेवताच माणूस शिजावा. मी पाटावर उभी, समोर अंतरपाट, पलीकडे रणवऱ्यांची भावकी. तिकडून खुसखुस ऐकू येत होती. चार दांडगी पोरं बाह्या सरसावून तयार होती. सुभेदार लष्करी बिल्ले लावून बाजूला उभे होते, हातात शिट्टी. शिट्टी कशाला, ते मला आजही कळलेलं नाही.

मंगलाष्टकं चालू झाली. गुरुजी घामानं निथळत होते. चौथ्या मंगलाष्टकाला त्यांचा आवाजच बसला. तेव्हा कार्यालयाच्या मॅनेजरनं धावत जाऊन एक भला मोठा उभा पंखा आणला, माझ्या उजव्या हाताला ठेवला आणि चालू केला. गुरुजींना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. अक्कल बघा माझी, मी मनात म्हणाले, वा, काय छान वारा सुटलाय!

चार वर्षं मी प्रत्येक गणिताच्या शेवटी पोरांना एक वाक्य लिहून देत आले होते, "हवेचा रोध नगण्य मानावा." इतक्यांदा लिहून दिलं होतं की हवा नावाची वस्तू जगात आहे हेच मी विसरले होते. आमच्या अंगणाला तिन्ही बाजूंनी भिंती. तिथं पानही हलत नव्हतं.

"सावधान!"

ताशे वाजले, अक्षता पडल्या, अंतरपाट सुटला. आणि धैर्यशील रणवरे सर्रकन वर गेले. चार पोरांच्या खांद्यावर, तुऱ्यासकट, पार छताच्या झालरीजवळ. सगळे हसायला लागले. मी हसले नाही. मी अंतर बघितलं, बरोबर. उंची बघितली, बरोबर. मनात ती खडूची रेघ आणली. दम धरला.

तेवढ्यात सुभेदारांचं लक्ष पंख्याकडे गेलं. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात घालवलेला माणूस. आपण कुणाच्या बाजूनं आहोत हेच ते विसरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "सूनबाई, वारा! वारा बघा, वारा!"

पण माळ हातातून सुटली होती.

काय सुरेख गेली हो ती! एकोणसत्तर अंश म्हणजे एकोणसत्तर अंश. तुऱ्याच्या वर चढली, आता खाली वळणार, एवढ्यात पंख्याच्या झोतात आली. निशिगंधाची हलकी माळ ती, टायर थोडंच होतं? डावीकडे सरकायला लागली. डावीकडे स्टुलावर फोटोग्राफर उभा होता, डोळा कॅमेऱ्याला लावून. माळ सरळ त्याच्या गळ्याच्या रोखानं निघाली. माझी आई ओरडली, "अगं बाई, त्याला नको!"

मला दिसलं की गेली. माळ गेली, नोकरी गेली, अकरावी 'ब' गेली.

आणि मग एक अजब प्रकार झाला. त्या चार पोरांच्या खांद्यावरून, जो माणूस चार महिन्यांत माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलला होता, त्यानं उडी मारली. साधीसुधी नव्हे. दोन्ही हात मागे आणि मान पुढे काढून डावीकडे झेप घेतली. हवेतच माळ त्याच्या गळ्यात बसली. मग तो, फोटोग्राफर, स्टूल आणि आहेराच्या भांड्यांची उतरंड असं सगळं एकत्र खाली आलं. कळशी गडगडत पार दारापर्यंत गेली. ताशेवाल्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

सुभेदारांनी शिट्टी वाजवली.

सगळं शांत झालं. धैर्यशील भांड्यांत बसलेला, गळ्यात माळ, फेटा एका कानावर. त्यानं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट चाचपलं, गाईचं चाचपावं तसं, आणि शांतपणे म्हणाला, "मोडलंय."

"नवरदेव हलला!" त्याचे एक चुलते तावातावानं पुढे आले. "हे धरायचं नाही! नवरदेवानं जागेवर राहायचं असतं!"

"कुठं लिहिलंय?" अण्णा डायरी घेऊनच आले होते. त्यांनी पान उघडलं. "इथं फक्त पहिली फेक आणि माळ गळ्यात, एवढंच लिहिलंय. खाली सही आहे."

"पण वाऱ्यानं..."

"वाऱ्याचंही काही लिहिलेलं नाही."

सगळी भावकी सुभेदारांकडे बघायला लागली. सुभेदार मुलाकडे गेले. माळ ओढून बघितली, नीट बसलीय ना. मग आपल्या भावाला म्हणाले, "आबा, मी आयुष्यभर गोळे टाकले. शत्रू हलला म्हणून लागलेला गोळा कुणी परत घेतलेला मी बघितला नाही. निशाणा लागला. सूनबाई नोकरी करणार. विषय संपला." आणि मग माझ्या कानाशी वाकून, खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाले, "पण वारा कसा काय विसरलात तुम्ही?"

मी खाली मान घातली.

सप्तपदी आम्ही घाईघाईत उरकली, त्याचा हात गळ्यात बांधलेल्या उपरण्यात. मग जीपमधून हाडांच्या डॉक्टरकडे निघालो. पुढे ड्रायव्हर आणि अण्णा, मागे आम्ही दोघं, शालू, मुंडावळ्या, सगळ्यासकट. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला त्याचा चेहरा पांढरा व्हायचा, पण तोंडातून शब्द नाही.

शेवटी मीच म्हणाले, "दुखतंय?"

"हो."

"मग ओरडा की. माणसानं ओरडावं."

तो नाही ओरडला. पुढच्या खड्ड्यानंतर म्हणाला, "माझ्या खिशात एक कागद आहे. उजव्या. जरा काढता?"

मी काढला. चार घड्या घातलेला सरकारी कागद. जीप हलत होती म्हणून मला तो दोनदा वाचावा लागला. डॉ. धैर्यशील रणवरे यांची विनंतीवरून रहिमतपूर येथील पशुवैद्यकीय दवाखान्यात बदली. रहिमतपूर म्हणजे आमच्या कोरेगावपासून एसटीनं अर्धा तास.

"हे काय आहे?"

"बोलणी झाली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला होता. होईल की नाही खात्री नव्हती. म्हणून बोललो नाही. काल संध्याकाळी हातात पडला."

"काल?"

"हो. वडिलांना लग्नानंतर सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर मांडवात रणधुमाळी झाली असती. नंतर त्यांच्या अटीचं काय ते माझं मी निभावून नेलं असतं."

मी तो कागद तिसऱ्यांदा वाचला. डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला आणि तसतसा माझा आवाज चढत गेला. "म्हणजे माळ चुकली असती तरी तुम्ही कोरेगावकडे येणारच होता?"

"हो."

"म्हणजे माझी नोकरी कालपासून सुरक्षितच होती?"

"हो."

"मग उडी कशाला मारलीत हो? हात मोडून घेतलात! जीव गेला असता! काय गरज होती?"

मला वाटलं, झालं, मिटलं पुन्हा तोंड. बाहेर बाभळी मागे पळत होत्या. मग तो, खिडकीकडे बघतच, ओशाळल्यासारखा म्हणाला, "एवढी मन लावून फेकली होतीत. चुकली असती, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

चार महिने ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो मला त्या क्षणी इतका आवडला, इतका आवडला की मला हुंदकाच फुटला. मी शालूत तोंड लपवून मोठमोठ्यानं रडायला लागले. पुढे बसलेल्या अण्णांना वाटलं, पोरगी माहेर सुटलं म्हणून रडतेय. त्यांनाही भरून आलं. तेही उपरणं डोळ्यांना लावून ओक्साबोक्शी रडायला लागले. धैर्यशील आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत कागदाची नीट घडी घालत होता, एका हातानं.

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून विचारलं, "आधी मला सांगा, हात नक्की मोडलाय कुणाचा?"